फुली मारलेले झाड

लाँड्रीवाल्याने काल माझे राखाडी जर्किन परत केले, तेव्हा त्याच्या उजव्या बाहीवरचे दोन आडवे पट्टे, वर पांढरा आणि खाली तांबडा, जसेच्या तसे होते. "काका, ऑइलपेंट आहे. पेट्रोल लावलं, सगळं करून बघितलं. आता असंच वापरा," असे सांगून त्याने धुलाईचे पैसे मात्र पूर्ण घेतले. हा रंग मला दक्षिण फ्रान्समधल्या एका सद्गृहस्थामुळे लागला, आणि तोही चूक माझीच आहे हे सिद्ध करण्याच्या त्याच्या भरात लागला; त्यामुळे डाग निघत नाही याच्या दुःखापेक्षा तो ज्या कारणाने लागला त्याचा राग मला अधिक आहे.

मुलगी तुलूझला शिकते. तिच्याकडे गेलो असता तिने लॉत नदीच्या खोऱ्यात पायी हिंडण्याचा बेत आखला. सकाळी काब्रेरे गावातून निघायचे, सेले नदीच्या खोऱ्याने ओकच्या जंगलातून बूझिएसला उतरायचे, तिथून नावा ओढून नेणाऱ्यांसाठी लॉतकाठच्या कड्यात कोरून काढलेल्या वाटेने सँ-सिर-लापोपी या नदीवर उंच टांगलेल्या गावी पोहोचायचे आणि दुपारी तिथे जेवायचे. अंतर दहा किलोमीटरच्या आसपास. राजगड-तोरणा एका दमात केलेल्या माणसाला हे ऐकून हसू येणे साहजिक होते. तिकडच्या चुनखडीच्या पठाराला 'कोस' म्हणतात हे कळल्यावर तर "मग काय, चार कोस चालू" असा विनोदही मी केला. तो मुलीला कळला नाही आणि बायकोने ऐकूनही न ऐकल्यासारखे केले.

वाट चुकणे शक्यच नाही, असे मुलगी सांगत होती. लांब पल्ल्याच्या वाटांवर तिकडे झाडांवर, दगडांवर, कुंपणाच्या खांबांवर पांढरा-तांबडा पट्टा रंगवलेला असतो. दोन आडवे पट्टे म्हणजे पुढे चला, त्यांच्या जोडीला वळलेला बाण म्हणजे वळा, आणि त्याच दोन रंगांची फुली म्हणजे इकडे येऊ नका. ज्या वर्षी आपण स्वतंत्र झालो त्याच १९४७ साली त्या मंडळींनी हा उद्योग आरंभला आणि आज खुणा केलेल्या वाटांचे लहानमोठे जाळे १,८०,००० किलोमीटरच्या वर गेले आहे. बहुतेक खुणा हौशी स्वयंसेवक, एक पैसाही न घेता, डबा-ब्रश हातात घेऊन रंगवतात. हे सगळे मला आता तोंडपाठ आहे. त्या सकाळी नव्हते, कारण मुलगी हे सांगत असताना मी बेकरीतून घेतलेला पाव खात होतो.

तासाभराने जंगलात वाटेला दोन फाटे फुटले. एक अरुंद, दगडाळ आणि चढणीचा; दुसरा बैलगाडी जाईल इतका रुंद आणि उताराचा. माणसाने कोणता घ्यावा? रुंद फाट्यावर वीसेक पावलांवर एका ओकवर पांढरी-तांबडी फुली होती. आपल्याकडे रस्तारुंदीच्या वेळी ज्या झाडावर फुली पडते ते आठवड्याभरात आडवे होते, ही गोष्ट आमच्या पेठेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी त्या झाडापाशी थांबलो, खोडावरून हात फिरवला आणि विकासाच्या नावाखाली फ्रान्समध्येही कशी वृक्षतोड चालली आहे, यावर चांगले दोन मिनिटे बोललो. बायको पाणी प्याली. मुलगी मोबाईलला रेंज येते का ते पाहत होती. मग आम्ही त्या दुर्दैवी वृक्षाचा निरोप घेऊन उतारावरून निघालो.

अर्ध्या तासाने वाट एका शेतकऱ्याच्या बंद फाटकापाशी संपली आणि तिथे तो भेटला. सत्तरीचा, काटक, खांद्यावर पिशवी, पिशवीतून डोकावणारे रंगाचे दोन डबे आणि कमरेला छाटणीची कात्री.

"एक्स्क्यूज मी," मी म्हणालो, "सँ-सिर?"

"बाँझूर," तो म्हणाला.

मला वाटले त्याला ऐकू आले नाही. "सँ-सिर-लापोपी," मी हात लांब करून म्हणालो.

"बाँझूर, मस्यू," तो पुन्हा म्हणाला, आणि या वेळी इतक्या सावकाश म्हणाला की चौथीच्या वर्गात पाढे चुकल्यावर गुरुजी थांबायचे, त्याची आठवण झाली.

"बाबा, आधी बाँझूर म्हण," मुलगी दात आवळून म्हणाली. "नाहीतर ते काही सांगणार नाहीत."

मी नमस्कारादाखल बाँझूर म्हणालो. त्याच्या चेहऱ्यावर लगेच ऊन पडले. आपल्याकडे "ओ दादा, गडाची वाट कुठनं?" असे लांबूनच ओरडायची पद्धत आहे, आणि दादाही बैल हाकता हाकता, न थांबता, हाताने दिशा दाखवतो, ती पुष्कळदा चुकीची असते ही गोष्ट वेगळी, पण त्यात कोणाची शिकवणी होत नाही.

आम्ही वाट चुकलो आहोत हे मुलीने त्याला सांगितले, आणि इथे खरा घोटाळा झाला, कारण वाटेचा हा पट्टा त्याच्याकडे होता. इथल्या खुणा तोच रंगवतो, वर्षानुवर्षे रंगवतो, आणि त्याच्या पट्ट्यात वाट चुकणे त्याच्या मते नदीने उलटे वाहण्यासारखे होते. "अँपोसीब्ल!" तो म्हणाला, आणि त्यानंतर आधी फाटकाकडे, मग आभाळाकडे आणि शेवटी माझ्याकडे हात करीत तो मिनिटभर बोलला.

"काय म्हणतायत?"

"इथे कुणीच चुकत नाही म्हणतायत."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं तुझ्याबद्दल आहे."

मग त्याने पिशवी सावरली आणि आम्ही ज्या वाटेने आलो होतो तिच्यावरून तो परत वर चालू लागला. खूण कुठे आहे ते तो आम्हाला दाखवणार होता. "अहो, त्यांना म्हणावं पुढची वाट दाखवा, मागची आम्ही आत्ताच पाहून आलोय," असे बायकोने अतिशय रास्त सुचवले, पण तो दहा पावले पुढे गेला होता आणि त्याच्या मागे जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. उतरताना अर्धा तास लागलेला उतार चढताना पाऊण तासाचा झाला. माझा उजवा गुडघा त्या पाऊण तासाची आठवण अजून जिना चढताना काढतो.

फुलीच्या झाडापाशी तो थांबला आणि त्याने नुसतेच खोडाकडे बोट दाखवले. एवढ्यावर भागले असते. पण माझ्याच रक्ताच्या मुलीने त्याला माझे वृक्षतोडीवरचे भाषण सांगितले. त्याने ते गंभीरपणे ऐकून घेतले, खोडावर हात ठेवला आणि माझी समजूत घालावी तसे काहीतरी म्हणाला.

"हे झाड कुणी तोडणार नाही, काळजी करू नका, असं म्हणतायत."

त्याहून तो हसला असता तर बरे झाले असते.

फाट्यापाशी दुसरा ओक होता, मुळापासून छातीइतक्या उंचीपर्यंत आयव्हीच्या वेलाने गुंडाळलेला. त्याने दोन बोटांनी, अंतरपाट दूर करावा तशी, पाने बाजूला केली. आत पांढरा पट्टा, तांबडा पट्टा आणि अरुंद चढणीकडे वळलेला बाण, अगदी ठसठशीत.

"व्वाला," तो म्हणाला.

आता मला सांगा, पानांआड रंगवलेल्या खुणेला खूण म्हणायचे की गुपित? आदल्याच दिवशी आम्ही काब्रेरेजवळची पेश-मेर्लची गुहा पाहिली होती. तिथे भिंतीवर ठिपक्याठिपक्यांचे दोन घोडे आहेत, पंचवीस हजारांहून अधिक वर्षांपूर्वी रंगवलेले. १९२२ साली गावातली दोन पोरे सरपटत आत शिरली आणि त्यांनाही ते मिणमिणत्या उजेडात दिसले. त्याच तालुक्यात भर दुपारी बारा वाजता मला या गृहस्थांचा बाण दिसू नये, यात दोष माझ्या डोळ्यांचा कसा? हा बिनतोड मुद्दा मी मुलीकडे भाषांतरासाठी दिला. तिने तो पुढे पाठवला नाही.

पण मी जरा पाठ वळवली तेव्हा कात्रीचा आवाज आला. तो वेल कापत होता. मग तारेच्या ब्रशने त्याने साल घासली आणि डबे उघडून पट्टे नव्याने ओढायला घेतले. खुणेच्या आकाराची खाच असलेली प्लास्टिकची पट्टी खोडावर दाबून धरायला त्याने मला खुणावले आणि मी, देव जाणे का, ती धरली. बाही तिथेच टेकली. खूण दिसत नव्हती म्हणूनच ना वेल कापला? पण तसे तो शेवटपर्यंत म्हणाला नाही, चुकल्यासारखा चेहराही त्याने केला नाही. उलट वहीत काहीतरी टिपले, आणि त्यात आमचा उल्लेख असणार याविषयी मला शंका नाही. माणूस पगारी असता तर तक्रार तरी करता आली असती. जो स्वतःच्या पेन्शनीतून बसभाडे भरून रानात येतो आणि परक्यांसाठी झाडे रंगवतो, त्याच्यावर धड रागावताही येत नाही, ही खरी गोची. आपल्या गडांवर रंग काय कमी असतो? कोण कोणावर प्रेम करते हे प्रत्येक बुरुजावर वाचायला मिळते. खाली उतरायची वाट तेवढी कोणी लिहीत नाही. त्यामुळे चुकलो तरी भांडायला कोणी सापडत नाही, आणि मन स्वच्छ राहते.

सँ-सिर-लापोपीला आम्ही दोन वाजून वीस मिनिटांनी पोहोचलो. कड्यातली ती कोरीव वाट, तिच्या भिंतीवर अलीकडे कोणा शिल्पकाराने कोरलेले मासे आणि शंख, खाली हिरवी लॉत, यातले काही मी पाहिले नाही. मी घड्याळ पाहत होतो. खाणावळीच्या दारात मी आधी, मोठ्याने आणि स्वच्छ "बाँझूर" म्हणालो. बाईंनीही तितक्याच गोड आवाजात "बाँझूर" म्हटले आणि दारावरची पाटी दाखवली. स्वयंपाकघर बारा ते दोन. "मिळालं असतं तरी काय," बायको फळा वाचत म्हणाली, "कोशिंबिरीतसुद्धा बदकाच्या जठराचे तुकडे आहेत."

मग आम्ही वेशीबाहेरच्या दगडी कठड्यावर बसून पुण्याहून नेलेले भडंग काढले. मी पहिला बकाणा भरला, तोच पाठीवर सॅक घेतलेला एक मध्यमवयीन गृहस्थ समोरून आला आणि "बाँझूर" म्हणाला. तोंड भरलेले असल्याने मी नुसती मान हलवली. तो दोन पावले पुढे गेला, थांबला, वळला आणि सावकाश म्हणाला, "बाँझूर, मस्यू."