दिवे लावायची एवढी घाई कोणाला झालीये?

आज दुपारी कोथरूडात मराठी सिनेमा बघून आले. सिनेमाबद्दल नंतर सविस्तर लिहीन, चांगला आहे, जाऊन या. आत्ता डोकं वेगळ्याच गोष्टीवरून फिरलंय आणि लिहून टाकल्याशिवाय काही झोप लागणार नाही. शेवटचा सीन संपला, पडदा काळा झाला, श्रेयनामावलीतलं पहिलं नाव धड वर येतंय न येतंय तोच हॉलमधले सगळे दिवे भक्कन लागले, बाजूचं दार उघडलं, बाहेरचा उजेड आत, आणि माझ्या शेजारून निघालेला एक मुलगा, चांगला शिकलासवरलेला दिसत होता, मला म्हणतो, "काकू, संपलाय पिक्चर, जरा जाऊ द्या की." मी पाय बाजूला घेतले आणि म्हटलं, जा बाबा, मी नावं बघतेय. तर हसून म्हणे, "नावं कोण बघतं?"

माझी मावशी बघते. म्हणजे बघायला म्हणून आली होती वाईहून.

माझा मावसभाऊ सिनेमात आर्ट डिपार्टमेंटला काम करतो, सहाय्यक. त्याचं नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. त्याचा पहिला मोठा सिनेमा लागला तेव्हा मावशी सकाळच्या एसटीने स्वारगेटला उतरली, गुडघे दुखतात तिचे, तरी ठेवणीतली नारायणपेठ नेसून आली होती, आणि लांबचं बघायचा चष्मा आहे ना पर्समध्ये हे तिने रिक्षात दोनदा तपासलं. तिला हिरो-हिरॉइनशी काही देणंघेणं नव्हतं. तिला पडद्यावर पोराचं नाव बघायचं होतं, बास. आणि सिनेमा संपला तसे दिवे लागले, काळ्या पिशव्या घेऊन झाडणारी मुलं आत आली, पडद्यावरची अक्षरं उजेडात फिकी पडली, आणि कॅमेरा, संकलन, ध्वनी इथपर्यंत यादी आली असेल नसेल तर पडदाच बंद केला त्यांनी. सरळ बंद. मावशी उभी राहून मला विचारतेय, "येऊन गेलं का गं? मला दिसलं नाही."

कुठलं मल्टिप्लेक्स ते सांगत नाही कारण सगळीकडे हेच चालतं.

आता मला सांगा, सिनेमा सुरू व्हायच्या आधी आपण काय काय बघतो? पान मसाल्याच्या जाहिराती, फ्लॅटच्या स्कीमा, सराफांचे हार, तंबाखूचं ते फुफ्फुस, मग एकामागून एक प्रायोजकांचे लोगो, मग 'विशेष आभार' मध्ये हे साहेब आणि ते साहेब. त्यातलं एक मिनिट कापायची हिंमत आहे का कोणाची? नाही. कापायचं तर कोणाचं, ज्यांनी उन्हात उभं राहून रिफ्लेक्टर धरला त्यांचं. हा माझा राग आहे.

आणि हे पुण्यात व्हावं! लॉ कॉलेज रोडवरून आपण रोज जातो, एफटीआयआयच्या, म्हणजे सिनेमा शिकवणाऱ्या संस्थेच्या गेटवरून, ती जागा मुळात प्रभात फिल्म कंपनीची. १९३३ साली कोल्हापूरहून प्रभात पुण्यात आली, १९३६ ला 'संत तुकाराम' केला, पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात तो गाजला, हे आपण कॉलर ताठ करून पाहुण्यांना सांगतो. पण दामले-फत्तेलाल ही दिग्दर्शकांची जोडी मुळात काय काम करायची? फत्तेलाल, म्हणजे साहेबमामा, हे कला दिग्दर्शक. आणि दामल्यांकडे आवाजाचं खातं. ज्याने सेट उभा केला आणि ज्याने आवाज पकडला त्या दोघांनी मिळून तो सिनेमा दिग्दर्शित केला, म्हणजे आज ज्यांचं नाव येतं तेव्हा आपण गाडीची किल्ली शोधत असतो, त्या लोकांनी. ह्या गावाला तरी हे कळायला नको?

कामाचं म्हणाल तर मावसभावाने त्या सिनेमात काय केलं होतं ते सांगते. गोष्ट ऐंशीच्या दशकातली होती. जुन्या घरात असायची ती दिव्यांची काळी, गोल बटणं हवी होती, तर हा बुधवार-रविवार जुन्या बाजारात खाली बसून ढिगातून ती निवडत होता, सगळी एकाच घरातली वाटली पाहिजेत म्हणून. रेशन कार्ड आणि वह्या चहाच्या पाण्यात भिजवून, वाळवून, परत घड्या घालून जुन्या केल्या. स्वयंपाकघराची भिंत केली तेव्हा शेगडीच्या वर तेल, हळद आणि काजळी बोटाने लावत गेला, जिथे फोडणी उडते बरोब्बर तिथेच, आणि खिळ्याखाली जिथे कॅलेंडर असायचं तो चौकोन जरा उजळ ठेवला. सिनेमात ती भिंत दिसते किती, तर हिरॉइन पाठमोरी उभी राहते तेवढा वेळ. सगळ्या परीक्षणांत आलं, अभिनय किती अस्सल, दिग्दर्शकाने काय काळ उभा केलाय. केलाय ना, पण त्या भिंतीला पाठ करून उभी होती म्हणून ती त्या घरातली वाटली हे कोणी लिहायचं?

आपलं सगळं कौतुक तोंडावळ्याचं आहे. सैराट म्हटलं की आर्ची-परश्या, नागराज, अजय-अतुल, तिथे गाडी थांबते. ती विहीर, ती उसाची शेतं, तो उजेड कोणी टिपला? सुधाकर रेड्डी यक्कंटी. आपल्या एफटीआयआयमध्ये शिकलेला माणूस, मूळचा आंध्रचा, त्यानेच पुढे २०१८ साली 'नाळ' दिग्दर्शित केला. माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये सैराट पाच-पाच वेळा बघितलेले लोक आहेत, त्यांना हे नाव सांगितलं तर म्हणतात हा कोण.

'दशावतार' सिनेमा आला तेव्हा तेच. दिलीप प्रभावळकरांबद्दल सगळ्यांनी लिहिलं, लिहायलाच हवं, ऐंशीच्या घरातला माणूस काय उभा राहिलाय तिथे, माझे हात जोडलेले आहेत. पण ज्या सिनेमाचा जीवच सोंगात आहे, त्या सिनेमाची रंगभूषा आणि वेशभूषा कोणी केली हा प्रश्न एका पोस्टीत विचारलेला दिसला नाही मला. एका.

अभिनेत्री छाया कदमचं बघा. २०२४ ला पायल कपाडियाच्या 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट' ला कान महोत्सवात ग्राँ प्री मिळालं, आपली छाया आईची साडी आणि नथ घालून तिथे गेली, आणि एका रात्रीत सगळ्यांना ती 'आपली' वाटायला लागली. मलाही रडू आलं तो फोटो बघून, खोटं कशाला बोलू. पण तोवर तिला काय म्हणत होतात? 'ती सैराटमधली अक्का', 'ती लापता लेडीजमधली चहावाली'. तिचं नाव तर फँड्रीपासून पडद्यावर येतंय. उठून गेलात म्हणून कळलं नाही.

ह्यावर नेहमी येणारं उत्तर माहितीये मला. यादी फार लांब असते हल्ली, व्हीएफएक्सवाल्यांचीच शेकड्याने नावं असतात, कोणाला बस गाठायची असते, कोणाला बाथरूमला जायचं असतं, पोरं कंटाळलेली असतात. बरं, मान्य, ज्याला जायचंय त्याने खुशाल जावं. मी कोणाला कोंडून ठेवा म्हणत नाहीये. दिवे नका लावू आणि पडदा नका बंद करू, एवढंच म्हणतेय. आणि वेळ नसतो म्हणता, तर मार्व्हलच्या सिनेमाला हीच मंडळी शेवटच्या ओळीपर्यंत चिकटून कशी बसतात, नंतर छोटासा सीन येतो म्हणून? तेव्हा बस चुकत नाही? तेव्हा थिएटरवालेही गपगुमान दिवे मंद ठेवतात. म्हणजे जमतं. सगळ्यांना जमतं.

ओटीटीवर तर बोलायलाच नको. शेवटचा संवाद हवेत विरतोय तोवर यादी आकसून काडेपेटीएवढी होते आणि 'पुढचा भाग' म्हणून उलटी गिनती सुरू. रिमोट शोधेपर्यंत पुढच्या भागातलं भांडण चालू झालेलं असतं. सिनेमा संपल्यावर माणसाला दोन मिनिटं गप्प बसावंसं वाटतं की नाही? मला वाटतं. ती दोन मिनिटंही ह्यांनी आपल्याकडून काढून घेतली.

आणि टीव्ही. अरे, आभाळमायाचं शीर्षकगीत आठवतंय ना? १९९९. मंगेश कुलकर्णींचे शब्द, अशोक पत्कींचं संगीत, देवकी पंडितांचा आवाज. गाणं लागलं की आतल्या खोलीतून माणसं बाहेर यायची, आणि त्या गाण्यावर नावं दिसायची, सावकाश, वाचता येतील अशी. मला ही तीन नावं आज पाठ आहेत ती त्यामुळेच. आता मालिकेचं गाणं कधी सुरू होतं कधी संपतं कळत नाही, आणि शेवटी पट्टी अशी पळते की लिहिलेल्याला स्वतःचं नाव वाचता येणार नाही. 'आई कुठे काय करते' २०१९ पासून २०२४ पर्यंत घराघरात चालली, अरुंधतीने साडी कुठली नेसली ह्यावर आमच्या सोसायटीत चर्चा व्हायच्या, अरुंधती करणारी मधुराणी पुण्याची म्हणून अभिमान वेगळाच. पण अरुंधती रोज जे बोलायची ते संवाद मुग्धा गोडबोले लिहायची, तीही पुण्याचीच, हे मी सांगितलं तेव्हा बायकांना धक्का बसला. त्यांना वाटत होतं अरुंधती आपलं आपणच बोलते. एका अर्थी मुग्धाचं केवढं यश आहे हे! पण मग तिचं नाव नको का कळायला? मालिका रटाळ होतात, ओढूनताणून चालवतात, सगळं खरं आहे, मीही शिव्या घालते. तरी रोज एक भाग लिहून देणं ही चेष्टा नाही.

हे लिहिता लिहिता रंगभूषाकार विक्रम गायकवाड आठवले. २०२५ च्या मे महिन्यात गेले. सुबोध भावेला बालगंधर्व केलं ते ह्या माणसाच्या हातांनी. पहिल्यांदा बघताना मी पडद्यावर सुबोधला शोधत होते आणि तो सापडत नव्हता, जुन्या फोटोंतले नारायणराव, म्हणजे खुद्द बालगंधर्व, समोर वळून बघत होते. त्यांच्या जाण्याची बातमी माझ्या एका ग्रुपवर आली, कोणीतरी हात जोडलेले टाकले, आणि खाली प्रश्न आला, "हे कोण?" मी तेव्हा गप्प बसले, भांडायची इच्छाच नव्हती. भानू अथैयांचंही तेच, कोल्हापूरची बाई, गांधी सिनेमाच्या वेशभूषेसाठी भारतात पहिलं ऑस्कर आणणारी, आणि क्विझमध्ये प्रश्न आला तरच आठवणार.

नाटकवाल्यांचं बघा जरा. बालगंधर्व रंगमंदिरात जा, भरत नाट्यला जा, नाटक सुरू व्हायच्या आधी अंधारात तो आवाज येतो, लेखक अमुक, दिग्दर्शक अमुक, नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत, रंगभूषा, वेशभूषा, रंगमंच व्यवस्था. सगळं नाट्यगृह ऐकतं. कोणी ओरडत नाही की पुढे चला. माझी आजी ती घोषणा ऐकूनच सांगायची की आज सेट बघण्यासारखा असणार. म्हणजे ही सवय आपल्याला होती, आपल्याच घरात होती, मराठी प्रेक्षक असाच होता. मग सिनेमागृहात शिरल्यावर काय होतं आपल्याला?

मावशीला नंतर भावाने मोबाईलवर दाखवलं, एडिटवाल्याकडून ती फ्रेम मागून आणली बिचाऱ्याने. त्याचं नाव ध्वनीनंतर बरंच खाली, वाहनव्यवस्थेच्या थोडं आधी होतं. मावशीने बघितलं, बरं म्हणाली. पण त्या दिवशी परत जाताना रिक्षात तिने मला हळूच विचारलेलं मी विसरू शकत नाही. "होतं ना गं नक्की? का तो आम्हाला बरं वाटावं म्हणून सांगतो?" त्या पोराने सहा-सहा महिने घर बघितलेलं नाही आणि त्याच्या आईच्या मनात ही शंका आली, कशामुळे, तर पुढच्या शोच्या आधी पॉपकॉर्न झाडायचे होते म्हणून. झाडणाऱ्या मुलांवर माझा राग नाही हं, त्यांना वरून सांगितलेलं असतं, आजही त्यातला एक जण मला बघून झाडू टेकवून थांबला, म्हणाला बसा मॅडम, होऊ द्या. त्याला कळलं.

राग आहे तो दिवे लावा म्हणणाऱ्यांवर, आणि दिवे लागायच्या आधीच उठणाऱ्या आपल्या लोकांवर, जे एरवी मराठी सिनेमाला स्क्रीन मिळत नाही म्हणून इथे माझ्याच पोस्टखाली चिडून लिहितात. आधी मिळालेल्या स्क्रीनवर काय लिहिलंय ते तरी वाचा. आणि निर्मात्यांनो, तुम्हीही गप्प का? थिएटरवाल्यांशी करार करता तेव्हा पैशाच्या वाट्यावर तासन्‌तास घासाघीस होत असेल, त्यात यादी पूर्ण दाखवायची एवढी एक ओळ टाकून घ्या ना. तुमचीच माणसं आहेत ती.

मी आज मॅनेजरला भेटून सांगितलंय, उद्या मेलही करणार आहे. ज्यांना पटतंय त्यांनी आपापल्या थिएटरला करा, मराठीतच करा.

आणि येत्या शनिवारी दुपारच्या शोला हाच सिनेमा परत बघायला जातेय, मावशी वाईहून येतेय, ह्यातही भावाचं काम आहे. कोण कोण येतंय ते कमेंटमध्ये सांगा, तिकिटं एकत्र काढू, मधली अख्खी रांग घेऊ. शेवटपर्यंत बसणार असाल तरच या.