चाळीस जण, एक फाईल आणि शेठचा पुतण्या

भोसरीत तुमचा कारखाना आहे, शुक्रवार पेठेत ऑफिस आहे, मार्केट यार्डाच्या बाजूला गोडाऊन आहे आणि आता तिन्हीकडच्या मिळून चाळीस माणसांनी एकदम बिलं, स्टॉक, चलनं बघावीत असं तुमच्या मनात आलंय. म्हणजे सॉफ्टवेअर करून घ्यायची वेळ आली. अजिबात टेन्शन घेऊ नका. मी अशी चार-पाच कामं जवळून बघितलीत (त्यातली दोन मीच केलीत, पण ते जाऊ द्या), त्यामुळे सांगतो तसं करा.

पहिली गोष्ट, काय पाहिजे ते लिहून काढू नका. उगाच आठवडा जातो. "आत्ता एक्सेलमध्ये जे आहे तेच, फक्त जरा फास्ट" एवढं बास. प्रोग्रामर जरा शहाणा निघाला तर विचारेल की एका वेळी लिहिणारे किती आणि नुसते बघणारे किती. हा प्रश्न फार खवचट असतो. चाळीस जण नुसते बघत बसले तर कुठलाही डेटाबेस (म्हणजे सगळी माहिती साठवणारं सॉफ्टवेअर) हसत हसत चालतो, भानगड होते ती दोघांनी एकाच मिनिटाला एकच ओळ बदलायला घेतली की. म्हणून तो विषयच निघू द्यायचा नाही, "आमच्याकडे सगळे सगळं करतात" असं म्हणायचं आणि चहा मागवायचा.

आता बनवायचं कशात? तुमच्या पुतण्याला येतं त्यात. पुतण्याला ॲक्सेस येतं, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं, सगळं एका फाईलीत ठेवणारं डेटाबेसचं सॉफ्टवेअर. ॲक्सेसमध्ये कागदोपत्री २५५ जण एकदम बसू शकतात आणि फाईल २ जीबीपर्यंत जाते, तुमचे तर चाळीसच, म्हणजे अजून दोनशे पंधरा माणसं भरती करायला वाव आहे. ती फाईल ऑफिसच्या एका पीसीवर शेअर्ड फोल्डरमध्ये टाकायची आणि सगळ्यांनी वायफायवरून उघडायची, अगदी गोडाऊनवाल्यांनीसुद्धा. लिहिता लिहिता वायफाय गेलं तर फाईल करप्ट होते असं काही निराशावादी लोक म्हणतात. सर्व्हर घ्या, त्यावर पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस टाका, फुकट आहे, असंही तेच म्हणतात. फुकट गोष्टीवर आपण विश्वास ठेवतो का?

फाईल उघडली की तिच्या शेजारी एक बारकी लॉक-फाईल तयार होते, आत कोण बसलंय ते तिच्यात असतं. ते वाचायची गरज नाही. काही अडकलं की जिन्यात उभं राहून ओरडायचं, "कोणी फाईल उघडून ठेवलीये?" उत्तर ठरलेलं आहे. अकाउंटच्या काकू उघडी ठेवून डबा खायला गेल्यात.

मुख्य गंमत स्टॉकमध्ये आहे, ती नीट समजून घ्या. गोडाऊनमध्ये १० व्हॉल्व्ह आहेत. चाकणच्या सेल्सवाल्याने स्क्रीन उघडली, त्याला १० दिसले. हडपसरच्याने उघडली, त्यालाही १०. पहिल्याने ४ विकले आणि ६ लिहिले, दुसऱ्याने ७ विकले आणि ३ लिहिले, दोघांचं सेव्ह झालं, एररबिरर काही नाही. दहातून अकरा विकून वर तीन शिल्लक! असा धंदा लक्ष्मी रोडवर कुणाला जमलेला नाही. ओळीला एक व्हर्जनचा कॉलम (ओळ बदलली की बदलणारा आकडा) ठेवला आणि सेव्ह करताना "मी वाचल्यापासून ही ओळ कोणी बदलली का" एवढं तपासलं तर हे थांबतं, म्हणून तो कॉलम कृपया ठेवू नका. आणि "स्टॉकमधून ४ वजा कर, पण ४ असतील तरच" असं डेटाबेसलाच एका फटक्यात सांगू नका, आधी वाचायचं, मग डोक्यात वजाबाकी, मग लिहायचं, तोपर्यंत दुसरा लिहून मोकळा.

बिल नंबरही तसाच काढायचा, शेवटचा नंबर घे आणि एक मिळव. दोघांनी एकदम काढला की दोन गिऱ्हाइकांना एकच नंबर. जीएसटीच्या नियमात बिल नंबर क्रमाने पाहिजे आणि आर्थिक वर्षात पुन्हा यायला नको असं आहे खरं, पण त्यासाठी तुमचे सीए आहेत ना.

कोणी जास्तच शहाणपणा करून लॉक (एकाचं होईपर्यंत दुसऱ्याला ती ओळ बंद) लावायला लागला तर निदान लॉक उघडल्या स्क्रीनवर धरून ठेवा, म्हणजे माणूस चहाला गेला की बाकीचे एकोणचाळीस गोल फिरणारं चक्र बघत बसतील. शिवाय एका स्क्रीनने आधी स्टॉक मग बिल धरायचं आणि दुसरीने आधी बिल मग स्टॉक. याला डेडलॉक म्हणतात, पेठेतल्या बोळात समोरासमोर आलेल्या दोन रिक्षा डोळ्यासमोर आणा, रिव्हर्स कोणीच घेणार नाही. चांगला डेटाबेस अशा वेळी दोघांतल्या एकाला सरळ बाहेर काढतो आणि त्याची एंट्री रद्द करतो. सगळ्यांनी एकाच क्रमाने धरलं तर रिक्षा अडकतच नाहीत, पण मग मजा काय.

टेस्टिंग पुतण्याच करेल, एकटा, स्वतःच्या लॅपटॉपवर, वीस ओळींच्या डेटावर, रविवारी. पळालं की झालं.

लॉगिन सगळ्यांना एकच द्या. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणता बदल कधी झाला याची बंद न करता येणारी नोंद ठेवावी लागते, ती अवश्य ठेवा, सगळीकडे 'ॲडमिन' दिसलं की कशी शिस्त वाटते. बॅकअप पेन ड्राइव्हवर, पेन ड्राइव्ह त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, आणि फाईलमध्ये लोक काम करत असतानाच कॉपी मारायची.

चालू करायला मुहूर्त ३१ मार्चचा घ्या, संध्याकाळचा.

आमच्या एका गिऱ्हाइकाकडे हे सगळं अगदी असंच झालं आणि दोन महिन्यांत त्यांनी उपायही काढला. पीसीशेजारी एक दोनशे पानी वही ठेवली, आखून, नाव, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ. वहीत ज्याचं नाव त्यानेच फाईल उघडायची, झालं की सही करून पुढच्याला हाक मारायची. छान चालू होतं. परवा सकाळपासून सगळं काम ठप्प, वहीच सापडेना. दुपारी कळलं की ती काकूंच्या पर्समध्ये आहे, शेवटचं नाव त्यांचंच, बाहेर आल्याची वेळ लिहिलेली नाही, आणि काकू भाचीच्या लग्नाला चिपळूणला.