बुढीचा मोतीबिंदू पिकवण्याची रीत

मोतीबिंदू बाईला जास्त होतो की माणसाला, हा प्रश्न पडला तर सरळ दवाखान्याचं रजिस्टर मागा. माणसांची नावं जास्त निघाली तर म्हणा, बायांचे डोळे मुळातच टणक. बायांची जास्त निघाली तर म्हणा, बायांची जातच दुखणेकरी. दोन्हीकडून तुम्ही सुटले. घरोघरी फिरून डोळे तपासणाऱ्यांना बायांमध्येच मोतीबिंदू जास्त सापडतो म्हणे. पण जी बुढी दवाखान्याची पायरीच चढली नाही ती रजिस्टरात येईल कशी, असले आडवे प्रश्न आपण काढू नये.

आता घरच्या बुढीचं. चाळीस वर्षं तिनं पऱ्हाट्या घालून, फुंकून फुंकून चूल पेटवली. धुरानंही मोतीबिंदू वाढतो, म्हणतात. म्हणू द्या. गॅस आहे ना घरात, पाहुण्यांच्या चहापुरता! शिवाय बाई माणसापेक्षा जास्त जगते, म्हणजे चूक तिचीच. तुरीची डाळ निवडताना ती खडा बोटानं शोधते, सुईत दोरा ओवायला नातीला हाक मारते. "मले का पेपर वाचाचा हाय?" असं तीच एकदा म्हणाली की विषय मिटला.

शिबिराची गाडी आलीच, तर कापसाची वेचणी पुढं करा. वेचणी नसेल तर सोयाबीनची सोंगणी, तीही नसेल तर सुनेचं बाळंतपण. पैशाचं कारण मात्र सांगू नका, पकडले जाल. सरकारी दवाखान्यात ऑपरेशन फुकट, भिंगही फुकट. एसटीत बाईला 2023 पासून अर्धं तिकीट, पंच्याहत्तरी ओलांडली की तेही लागत नाही. त्यापेक्षा विचारा, "सोबत कोण जाईल?" आणि ऑपरेशननंतर काही दिवस धुरापासून लांब राहायचं, तर भाकर कोण थापेल? घरातले सगळे खाली बघतील.

तरीही कोणी अडून बसलं तर हुकमी वाक्य आहे: "अजून पिकला नाही." डॉक्टर सांगतात, पिकायची वाट बघायची गरज आता राहिली नाही, उलट फार पिकला तर डोळ्यातला दाब वाढून उरलीसुरली नजरही जाऊ शकते. पण पिकाचं आपल्याला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं.

बुढ्याचं वेगळं. त्याला बँकेत सही करायची असते, पारावर पत्ते ओळखायचे असतात. त्याचं ऑपरेशन पोळा झाल्याबरोबर उरकलं. आता काळा चष्मा लावून तो ओसरीवर बसतो आणि दिवसातून चार वेळा बुढी त्याच्या डोळ्यात औषध टाकते.

पहिला थेंब गालावर. दुसरा नाकावर.

"आंधळी झाली का वं?" बुढा खेकसतो. "पाहून टाक ना!"