मालकाचं उत्तर: "नुसती केबल बदलली आणि ७५० रुपये उकळले"

नमस्कार साहेब. तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल माफी मागतो. काउंटरवरच्या मुलाने "केबल खराब होती" एवढंच बोलून तुमची लॅपटॉपवर दिसत नसलेली बाहेरून लावायची हार्ड डिस्क तुमच्या हातात दिली, ती चूक आमचीच. पण "भाच्याने पाच मिनिटांत केलं असतं, यांनी दीड दिवस लावला" असं लिहून एकच स्टार दिलात, तर तो दीड दिवस कुठे गेला ते सांगायलाच हवं. 'उकळले' हा शब्द लागला, खोटं कशाला बोलू.

पाच मिनिटांत जे होतं ते शुक्रवारी संध्याकाळी तुमच्यासमोरच झालं. हब (एका पोर्टला अनेक वस्तू जोडायची पट्टी) काढून डिस्क थेट पोर्टला लावली, दोन्ही बाजूंचे पोर्ट बघितले, शिफ्ट दाबून लॅपटॉप पूर्ण बंद केला, चार्जर काढून पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरलं. डिस्कचा दिवा लागायचा, आतून टिक-टिक व्हायची आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत, 'अननोन यूएसबी डिव्हाइस', कोड ४३, म्हणजे उपकरणात अडचण दिसली म्हणून विंडोजने ते थांबवलंय.

केबलबद्दल आम्ही सगळ्यात आधी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "नवीन आहे, तिचा प्रश्नच नाही." नवीन होती, कबूल. पण दोन मीटर लांब आणि आतल्या तारा केसासारख्या बारीक. अडीच इंची डिस्कला वेगळा अ‍ॅडाप्टर नसतो, सगळी वीज त्या केबलमधूनच येते, आणि मोटर सुरू होताना ती सगळ्यात जास्त ओढते. लांब, बारीक तारेत व्होल्टेज वाटेतच पडतं. उरतं त्यावर दिवा लागतो, मोटर नीट फिरत नाही. बघणाऱ्याला वाटतं डिस्कच गेली. अर्ध्या मीटरची जाड केबल लावल्यावर आमच्या पीसीवर डिस्क आली.

तुमच्या लॅपटॉपवर मात्र तरीही नाही! डिव्हाइस मॅनेजरमधल्या डिस्क ड्राइव्हच्या यादीत तुमच्या डिस्कच्या चित्रावर खाली तोंड केलेला एक बारीकसा बाण होता. तो आपोआप येत नाही. कोणीतरी राइट क्लिक करून 'डिसेबल' केल्यावरच येतो, आणि मग पोर्ट कितीही बदला, विंडोज ती डिस्क ओळखून बंदच ठेवतं. "आम्ही कशाला हात लावला नाही" असं तुम्ही सांगितलं होतंत. कोणी लावला ते मी विचारत नाही. आधी कळलं असतं तर आमचा तासभर वाचला असता, एवढंच.

खरा वेळ गेला तो यापुढे. 'एनेबल' केल्यावर डिस्क दिसायला लागली, पण उघडायला गेलं की 'फॉरमॅट करायचं का?' विचारायची. काही लिहिलं जात असताना वीज तुटली की फाइल सिस्टिम, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे याची डिस्कवरची नोंद, बिघडू शकते, त्याची ही खूण. तिथे 'हो' म्हणायचं नसतं. लगेच 'चेक डिस्क' हे विंडोजचं डिस्क दुरुस्तीचं साधनही चालवायचं नसतं, कारण दुरुस्ती करताना ते त्याच डिस्कवर लिहितं. मुलीच्या लग्नाचे फोटो त्यात आहेत हे तुम्हीच सांगितलं होतंत. म्हणून आधी अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी कॉपी काढली. २ टीबीची डिस्क, सेकंदाला साधारण ९० एमबी, म्हणजे सहा तासांच्या वर. रात्री दुकान बंद करून असलं काम आम्ही चालू ठेवत नाही, म्हणून शनिवारी सकाळी लावलं. ते झाल्यावर चेक डिस्क, मग फोल्डर उघडून खात्री. शनिवारी दुपारी दोनदा फोन केला होता, उचलला गेला नाही.

आता ७५०. तपासणीचे ४००, केबलचे ३५०. दोन्ही आकडे तुम्ही सही केलेल्या पावतीवर आहेत आणि तपासणीचा दर भिंतीवरच्या फलकावरही आहे. कॉपी आणि दुरुस्तीचे पैसे लावलेच नाहीत. लावले असते तर कदाचित काम केलंय असं वाटलं असतं! असो. यापुढे काय काय केलं ते बिलावर लिहून द्यायला मुलांना सांगितलंय, बाकीही सुधारणा बघतो आहोत.

डिस्कची कॉपी सात दिवस आमच्याकडे असते, मग पुसतो. त्याआधी एखादा फोटो उघडत नसेल तर डिस्क घेऊन या, पैसे लागणार नाहीत. तुमची जुनी केबल काउंटरवर पाकिटात ठेवली आहे. तीही घेऊन जा, पण त्या डिस्कला परत लावू नका.