शून्य व्होल्टवरची ‘फुकट वीज’

२०२५ चं भौतिकशास्त्राचं नोबेल क्लार्क, देवोरे आणि मार्टिनिस यांना मिळालं, तेव्हापासून एक मेसेज फिरतोय: ‘सुपरकंडक्टिंग जंक्शनमधून शून्य व्होल्टवर करंट वाहतो, म्हणजे वीज फुकट. इलेक्ट्रॉन भिंतीतून आरपार जातात, उद्या माणूसही जाईल. कंपन्या हे दडपतायत.’ यातलं पहिलं अर्धं वाक्य खरं आहे, म्हणून बाकीचं खपतं.

आधी फुकट वीज. पॉवर म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. व्होल्टेज शून्य, तर पॉवरही शून्य. त्यावर साधा एलईडी लागणार नाही. दोन सुपरकंडक्टरांमध्ये (खूप गार केले की ज्यांचा रेझिस्टन्स शून्य होतो असे पदार्थ) एक-दोन नॅनोमीटरचा, वीज न वाहू देणाऱ्या ऑक्साइडचा थर ठेवला (हेच ते जंक्शन), तर इलेक्ट्रॉनांच्या जोड्या तो पार करतात, हे ब्रायन जोसेफसनने १९६२ मध्ये बाविसाव्या वर्षी मांडलं. पण ठरावीक मर्यादेपर्यंतच. करंट त्यापुढे रेटला की व्होल्टेज उभं राहतं. ही मर्यादा काढायचं सूत्र १९६३ चं, विनय आंबेगावकर आणि अ‍ॅलेक्सिस बाराटोफ यांचं (हो, आंबेगावकरच). लहान जंक्शनमध्ये ती मायक्रोअँपिअरच्या आसपास असते, आणि ते गार ठेवणारा फ्रीज किलोवॅटमध्ये वीज खातो. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. इथे तर कोंबडीही नाही.

‘जंक्शन आणखी बारीक करा’ म्हणाल, तर गंमत पुढेच आहे. जंक्शनचा कपॅसिटन्स, म्हणजे भार साठवायची क्षमता, अगदी क्षुल्लक, १ फेम्टोफॅरडपर्यंत उतरला की एका इलेक्ट्रॉनचा भार चढवायलाच जवळपास १ केल्विन (सुमारे उणे २७२ अंश सेल्सिअस) तापमानाइतकी ऊर्जा लागते, जोडीला चौपट. त्याहून बरंच गार केलं आणि बाहेरच्या सर्किटचा रेझिस्टन्स मोठा असला, तर कमी व्होल्टेजला जोड्या अडून बसतात. शून्य व्होल्टवरचा तो करंटच जातो.

भिंतीचं म्हणाल, तर ती भिंत म्हणजे हा ऑक्साइडचा थर. तो किंचित जाड झाला तरी करंट पटींनी घसरतो. विटांची बातच सोडा. नोबेल मिळालेल्या या तिघांच्या प्रयोगात, अमेरिकेतल्या बर्कलीत १९८४-८५ मध्ये, जे ‘आरपार’ गेलं ती वस्तू नव्हती. अब्जावधी जोड्यांची मिळून असलेली सर्किटची एक अवस्था शून्य व्होल्टमधून निसटली. आणि ती निसटल्याचा पुरावा काय? जंक्शनवर अचानक दिसलेलं व्होल्टेज! म्हणजे ज्या प्रयोगाचा दाखला देऊन फुकट करंट विकला जातोय, त्यात टनेलिंग (हे ‘आरपार’ जाणं) झालं की तो करंटच संपतो.

राहिलं दडपणं. जंक्शनवर १ मायक्रोव्होल्ट असला की त्यातला करंट ४८३.६ मेगाहर्ट्‌झने, म्हणजे सेकंदाला ४८.३६ कोटी वेळा, मागेपुढे होतो. हाच हिशेब वापरून दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत व्होल्टचं प्रमाण ठरतं. मग दडपलं काय?