पाहुण्यांचा नियम

अमेरिकेतल्या उपनगरांत एखाद्या ‘स्विम अँड टेनिस क्लब’ला पन्नास-साठ वर्षं झाली की एक स्मरणिका निघते. आमच्या क्लबच्या स्मरणिका कमिटीत माझं नाव कोणीतरी परस्पर घातलंय, त्यामुळे नमुन्यादाखल इकडच्या तिकडच्या क्लबांच्या बऱ्याच वाचून झाल्या. सगळ्यांची सुरुवात एकच. कोणाच्या तरी बैठकीच्या खोलीत शेजारीपाजारी जमले, प्रत्येकाने थोडे थोडे पैसे घातले, बँकेने कर्ज दिलं, बुलडोझर आला आणि पुढच्या उन्हाळ्यात पोरं पाण्यात. मग बुलडोझरचा कृष्णधवल फोटो. मग आजवरच्या अध्यक्षांची यादी. मग टेनिस कोर्टं कधी झाली, पहिली ट्रॉफी कधी आली.

यातलं काहीही खोटं नाही. फक्त १९५०च्या दशकातच देशभरच्या शेजाऱ्यांना एकाएकी स्वतःचा पोहण्याचा पूल बांधायची निकड का वाटली, हा प्रश्न एकाही स्मरणिकेला पडलेला दिसत नाही. आणि तो पडल्याशिवाय या क्लबांचा इतिहास लिहूच नये, असं माझं मत झालंय. कमिटीत ते फारसं कोणाला आवडलेलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

ज्यांनी हे क्लब पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडं. हे गोल्फवाले श्रीमंती कंट्री क्लब नव्हेत. पंचवीस मीटर किंवा पंचवीस यार्डांचा पूल, शेजारी पिल्लांसाठी उथळ पूल, कपडे बदलायच्या खोल्या, खाऊची खिडकी आणि मागे जाळीच्या कुंपणात चार-सहा टेनिस कोर्टं. मेंबर म्हणजे आजूबाजूची घरं. कारभार मेंबरांतूनच निवडलेलं बोर्ड बघतं, म्हणजे पंप बिघडला की एखादा हिशेबनीस किंवा दाताचा डॉक्टर टॉर्च घेऊन पंपघरात शिरतो. पूल मेअखेरच्या मेमोरियल डेला उघडतो आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, लेबर डेला बंद होतो. मधे तासातासाला लाइफगार्डची शिट्टी होते, पोरं कुरकुरत बाहेर येतात आणि तेवढा वेळ पाणी मोठ्यांचं.

शनिवारी सकाळी शेजारच्या क्लबशी पोहण्याची शर्यत. पोरांच्या दंडावर मार्करने इव्हेंट, हीट आणि लेनचे आकडे लिहिलेले असतात, कारण सहा वर्षांच्या मुलाला आपण कुठे उभं राहायचं हे लक्षात राहत नाही. प्रत्येक लेनला पालक स्टॉपवॉच घेऊन उभे. मीही उभा असतो. भिजलेल्या बुटांनी तासन्‌तास उभं राहून दुसऱ्यांच्या पोरांचे सेकंद मोजणं हे मला मनापासून आवडतं, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून कोणी म्हणेल, याला क्लबच नकोत.

तर, क्लबांच्या आधी काय होतं? सार्वजनिक पूल होते, आणि केवढे! १९२० आणि ३०च्या दशकांत शहरांनी प्रचंड पूल बांधले. एकट्या न्यूयॉर्कने १९३६च्या एका उन्हाळ्यात अकरा पूल उघडले, ते मंदीच्या काळात, सरकारी रोजगार योजनेच्या पैशांतून. कामगार, कारकून, बायका, पोरं, सगळे त्या पाण्यात एकत्र येऊ लागले. बहुतेक ठिकाणी कृष्णवर्णीय सोडून सगळे. ते वेगळ्या पुलावर, नाहीतर कुठेच नाही.

१९४९च्या जूनमध्ये सेंट लुईस शहराने फेअरग्राउंड पार्कचा पूल सगळ्यांना खुला करायचं ठरवलं. पहिल्याच दिवशी काही कृष्णवर्णीय मुलं पोलिसांच्या बंदोबस्तात पोहून बाहेर पडली आणि संध्याकाळपर्यंत गोऱ्यांचा जमाव लाठ्याकाठ्या घेऊन रस्त्यावर आला. त्याच महिन्यात राजधानी वॉशिंग्टनमधल्या अॅनाकोस्टिया पुलावर दंगल झाली आणि तो पूल त्या उन्हाळ्यापुरता बंद झाला. सेंट लुईसचा पूल पुढच्या वर्षी कोर्टाच्या आदेशाने सगळ्यांसाठी उघडला, तेव्हा गोऱ्यांनी तिकडे पाठच फिरवली. १९४८च्या उन्हाळ्यात तिथे तीन लाखांवर लोक पोहून गेले होते. १९५०मध्ये जेमतेम दहा हजार.

हे लोक पोहायचं थोडंच सोडणार होते? ते उपनगरांत गेले, आणि सरकारी हमीच्या स्वस्त कर्जांवर बांधलेली ती नवी उपनगरं जवळजवळ पूर्ण गोरी होती. तंत्रही हाताशी होतं. पूल बांधायची स्वस्त रीत म्हणजे सिमेंटचं मिश्रण नळीतून दाबाने फवारायचं. ते यंत्र काढलं कार्ल एकलीने, ज्याचा धंदा म्हणजे मेलेल्या प्राण्यांचे हुबेहूब नमुने करून संग्रहालयात उभे करणं. शिकागोच्या एका संग्रहालयाच्या पोपडे सुटलेल्या भिंती दुरुस्त करायला त्याने ते केलं होतं. (एखाद्या स्मरणिकेत एकलीसाहेबांना एक ओळ मिळायला हरकत नव्हती.) तरी परसात स्वतःचा पूल अजून फार थोड्यांना परवडायचा. वर्गणी काढून वस्तीत एक, हे परवडायचं.

आता पाहुण्यांच्या नियमाकडे येतो. वॉशिंग्टनला लागून मेरीलँडमध्ये सिल्व्हर स्प्रिंगजवळ ‘व्हीटन-हेवन रिक्रिएशन असोसिएशन’ १९५८ साली स्थापन झाली. वर्गणी गोळा झाली, ‘कम्युनिटी पूल’ म्हणून जागेची परवानगी मिळाली, पूल झाला. पुलापासून पाऊण मैलाच्या आत राहणाऱ्याला कोणाचीही शिफारस लागत नसे. यादी भरलेली असेल तर वेटिंग लिस्टमध्ये त्याला अग्रक्रम. मेंबरने घर विकलं आणि मेंबरशिप परत केली, तर त्या रिकाम्या जागेवर पहिला हक्क घर घेणाऱ्याचा. आजही कितीतरी क्लबांचे नियम याच धर्तीचे आहेत. आमचेही.

१९६८च्या वसंतात डॉ. हॅरी प्रेस यांनी मेंबरशिपची चौकशी केली. घर पाऊण मैलाच्या आत, माणूस डॉक्टर, पण कृष्णवर्णीय. त्यांना अर्जाचा कागदसुद्धा मिळाला नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये टिलमन दांपत्य, हे गोरे आणि रीतसर मेंबर, ग्रेस रोझनर नावाच्या कृष्णवर्णीय बाईंना पाहुणी म्हणून पुलावर घेऊन गेलं. त्या दिवशी त्यांना आत सोडलं. दुसऱ्या दिवशी बोर्डाची खास सभा भरली आणि नियम बदलला: यापुढे पाहुणे म्हणून फक्त मेंबरांचे नातेवाईक.

हा नियम एकदा नीट वाचा. त्यात वर्णाचा उल्लेख नाही, कोणाचा अपमान नाही. पन्नास वर्षांनी स्मरणिका काढणाऱ्याला तो गर्दी आवरण्यासाठी केलेला साधा नियम वाटेल. सभा आदल्या दिवशीच्या कुठल्या गोष्टीमुळे भरली होती, हे माहीत असेल तरच तो कळतो. त्या नोव्हेंबरमध्ये सर्वसाधारण सभेपुढे कृष्णवर्णीयांना मेंबरशिप खुली करण्याचा ठराव आला, तो मेंबरांनी फेटाळला. म्हणजे दोन-चार आडमुठ्या बोर्डवाल्यांवर ढकलायचीही सोय नाही. शनिवारी स्टॉपवॉच घेऊन उभे राहणारे तेच सगळे लोक.

प्रकरण कोर्टात गेलं. क्लबचं म्हणणं, आम्ही खाजगी. ही पळवाट बरीच रुळलेली होती, कारण १९६४च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेलं, खानावळी, थिएटरं सगळ्यांना खुली केली तरी खऱ्या खाजगी क्लबांना वगळलं होतं. पण टिलमन आणि प्रेस यांच्या वकिलांकडे यादवी युद्धानंतर झालेला १८६६चा कायदा होता: मालमत्ता घेण्याचा, भाड्याने घेण्याचा, बाळगण्याचा जो हक्क गोऱ्या नागरिकाला, तोच सगळ्यांना. पुलाचा आणि मालमत्तेचा काय संबंध? संबंध क्लबनेच जोडून ठेवला होता. पाऊण मैलाच्या आतलं घर घेणारा माणूस मेंबरशिपचा अग्रक्रमही घेत असतो, आणि घराच्या किमतीत तो धरलेला असतो. फेब्रुवारी १९७३मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने निकाल दिला. मला यातली गंमत ही वाटते की क्लब त्याच्या उदारपणामुळे हरला. पाऊण मैलातल्या कोणाही गोऱ्याला बिनशिफारस घेता, मग तुम्ही निवडक कसले?

याआधीचं १९६९चं प्रकरण मला जास्त भिडतं. व्हर्जिनियात फेअरफॅक्स काउंटीत ‘लिटल हंटिंग पार्क’ नावाची अशीच संस्था होती. पॉल सलिव्हन या मेंबरने आपलं एक घर फ्रीमन नावाच्या कृष्णवर्णीय गृहस्थांना भाड्याने दिलं आणि रिवाजाप्रमाणे त्या घरामागचा मेंबरशिपचा शेअर त्यांच्या नावे केला. बोर्डाने तो नामंजूर केला. सलिव्हननी हरकत घेतली, तर बोर्डाने त्यांची रीतसर सुनावणी घेऊन त्यांनाच काढून टाकलं आणि दोन शेअरांचे पैसे हातावर ठेवले. सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध तीन मतांनी सलिव्हन आणि फ्रीमन यांच्या बाजूने निकाल दिला. भाडेकरूला पोहता यावं म्हणून शेजाऱ्यांशी वैर पत्करून सुप्रीम कोर्टापर्यंत जायचं! अशा माणसाचा फोटो कुठल्याही क्लबच्या भिंतीवर मी पाहिलेला नाही. ट्रॉफ्या मात्र कपाटं भरून.

टेनिसची बाजूही काही वेगळी नाही. न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्समधल्या ‘वेस्ट साइड टेनिस क्लब’च्या कोर्टांवर अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा व्हायची. तिथे १९५७ आणि १९५८ला अल्थिया गिब्सन ही कृष्णवर्णीय खेळाडू जिंकली. आणि १९५९मध्ये त्याच क्लबने राल्फ बंच यांच्या मुलाला मेंबरशिप नाकारली. बंच म्हणजे शांततेचं नोबेल मिळवलेले, संयुक्त राष्ट्रांतले बडे अधिकारी, पण कृष्णवर्णीय. गदारोळ झाला, क्लबच्या अध्यक्षांना पायउतार व्हावं लागलं. चषक हातात द्यायला हरकत नाही, लॉकर द्यायला हरकत, असा एकंदर हिशेब. कृष्णवर्णीय टेनिसपटू आर्थर अॅश व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये कृष्णवर्णीयांसाठी राखीव बागेत वाढला. वडील तिथले रखवालदार, घर बागेतच, आणि बागेत एक पूल आणि टेनिस कोर्टं. स्विम अँड टेनिस म्हणाल तर तेच. तो मुलगा १९६८मध्ये फॉरेस्ट हिल्सवर यूएस ओपन जिंकला. त्याच उन्हाळ्यात व्हीटन-हेवनमध्ये पाहुण्यांचा नियम बदलत होता.

बाकी इतिहास पटकन सांगण्यासारखा. सत्तरच्या दशकात टेनिसची लाट आली आणि अनेक क्लबांनी पुलामागे कोर्टं घातली. अटलांटाच्या बाजूला तर बिल्डर घराच्या जाहिरातीतच ‘स्विम-टेनिस’ लिहू लागले. आता त्या कोर्टांवर पिकलबॉलच्या (टेनिससारखाच, पण छोट्या कोर्टावरचा खेळ) रेघा ओढाव्यात की नाही यावरून जी भांडणं चालतात, त्यावर वेगळी पोस्ट होईल.

आता आपल्या लोकांविषयी, कारण ही पोस्ट वाचणारे बरेच जण माझ्यासारखेच आहेत. १९६५च्या इमिग्रेशन कायद्याने आपल्यासाठी या देशाचं दार उघडलं. पुढे आपण घरं घेतली, शाळा बघून, आणि घराबरोबर क्लबच्या वेटिंग लिस्टचा फॉर्म आला. आपण तो भरला आणि पोरांना स्विम टीममध्ये घातलं. तो फॉर्म आपल्या हातात विनासायास पडला, कारण डॉ. प्रेसना तो मिळाला नव्हता आणि ते गप्प बसले नाहीत. आपल्यातलेच काही जण पुलाच्या काठावर बसून “काळ्यांना पोहायची आवडच नसते” असं बिनदिक्कत मराठीत बोलतात, आसपास कोणाला कळत नाही म्हणून. २०१७च्या एका पाहणीनुसार ६४ टक्के कृष्णवर्णीय मुलांना पोहता येत नाही किंवा जेमतेम येतं. गोऱ्या मुलांत हेच प्रमाण ४० टक्के. ज्या आजी-आजोबांना पुलाच्या फाटकावरून परत पाठवलं, त्यांनी मुलांना शिकवायचं कुठे आणि त्या मुलांनी आपल्या मुलांना कधी? आवडीचा मुद्दा २०१६च्या ऑलिंपिकमध्ये सिमोन मॅन्युएल या कृष्णवर्णीय मुलीने शंभर मीटरमध्ये सोनं घेऊन निकालात काढला आहे.

कमिटीत मला सांगितलं गेलं, “उत्सवाच्या वेळी हे कशाला?” आणि, “आपल्या क्लबमध्ये तसं काही झालं नसेल.” दुसरं खरंही असू शकेल. सगळेच क्लब द्वेषापोटी निघाले असं मी म्हणत नाही; काउंटीने पूल बांधला नाही आणि पोरं उकाड्यात तडफडत होती, एवढ्यावर निघालेलेही असणार. पण झालं नसेल हे कशावरून, तर कोणी बघितलं नाही यावरून! अध्यक्षांची यादी करायला आपण जुनी इतिवृत्तं चाळतोच आहोत, त्याच पानांवर ठराव आहेत. पाहुण्यांचा नियम कधी बदलला, कोणी मांडला, विरोधात किती मतं पडली, पहिलं कृष्णवर्णीय कुटुंब कधी आलं, पहिलं भारतीय कधी, हे बुलडोझरच्या फोटोशेजारी छापायला दोन पानं पुरतील. पानं कमी पडत असतील तर माझ्या मते ट्रॉफ्यांची दोन काढावीत.

तूर्त इतिवृत्तांचे खोके पंपघराच्या फळीवर आहेत, क्लोरीनच्या डब्यांच्या वर, आणि खालच्या वह्यांना ओल लागलीय. किल्ली माझ्याकडे आहे. रविवारी सकाळी स्कॅन करायला बसणार आहे. आमच्या क्लबमधलं कोणी येणार असेल तर मेसेज करा, येताना लॅपटॉप आणा. दुसऱ्या क्लबमधल्या कोणाकडे साठ-सत्तरच्या दशकातली छापील नियमावली पडून असेल तर तिचेही फोटो पाठवा, पाहुण्यांचं कलम आधी.