नर्सबाई कुठे आहेत?

"आपल्या नर्सबाई कुठंयत यात?" आईने सकाळी स्मरणिका शेवटच्या पानापर्यंत उलटून विचारलं. अलिबागच्या जुन्या डॉक्टर-नर्सांवर काढलेली, गुळगुळीत कागदाची, निम्मी जाहिरातींनी भरलेली. मी तीनदा चाळली. इस्रायल आळीतलं, म्हणजे आपल्या बेने इस्रायल ज्यूंच्या वस्तीतलं, एकही माणूस नाही. एकही!

माझा जन्म शुक्रवारच्या रात्रीचा. जुलैचा पाऊस, आई अडलेली, बाबा कंदील घेऊन इस्रायल आळीत धावले. नर्सबाईंचा शब्बाथ, ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, लागलेला. शनिवार मावळेपर्यंत त्या घरात काडीसुद्धा ओढत नसत. पण बाबांना दारात बघताच पिशवी उचलली, चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे धर्मवचनांच्या डबीला, बोटं लावून ओठांना टेकवली आणि गुडघाभर पाण्यातून आल्या.

आणि स्मरणिकावाल्यांनी फोनवर मला ऐकवलं, "आम्ही स्थानिक घराणीच घेतली." अहो, स्थानिक म्हणजे काय? बेने इस्रायलांची रोहेकर, पेणकर, किहीमकर, नवगावकर ही आडनावं कुठली? शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून आपल्याच आज्यापणज्यांनी त्यांना 'शनवार तेली' म्हटलं ना? याच समाजातल्या डॉ. जेरुशा झिराड १९१९ साली लंडनच्या एमडी झाल्या, १९२८ ते १९४७ मुंबईचं कामा हॉस्पिटल सांभाळलं, १९६६ ला पद्मश्री मिळाली. त्या जन्मल्या शिमोग्यात, मान्य. पण झिराड गाव आपल्याच तालुक्यात आहे! वरळीला जाताना ज्या डॉ. ई. मोझेस रोडवर तासभर अडकता, ते मोझेस बेने इस्रायल डॉक्टर, मुंबईचे महापौर. मुंबईने रस्त्याला नाव दिलं. आपल्याला अर्धं पान जड झालं.

बरीच घरं इस्रायलला गेली, विचारायला फार कुणी उरलं नाही, हे खरं. पण त्यांचं प्रार्थनास्थळ, मागेन अबोथ सिनेगॉग, आळीत अजून उभं आहे. पाच मिनिटांची वाट!

नर्सबाई पहाटेपर्यंत आईच्या उशाशी होत्या. बाबांनी पैसे पुढे केले तर हात मागे घेतला. शब्बाथला पैशाला शिवायचं नाही. रविवारी बाबा पुन्हा गेले तेव्हा पाच रुपये घेतले, आणि आठवड्याने त्याच पैशांचं झबलं शिवून आणलं. हे मला आजच कळलं. इतकी वर्षं आईने सांगितलंच नव्हतं.

मघाशी फार तडकलो होतो. आता आई शेजारी बसून बोटं मोजतेय, आमच्या गल्लीत नर्सबाईंच्या हातची मुलं किती. अकरापर्यंत आलीय.